‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणजे नक्की काय आहे?

आमच्याकडे गणपतीत नाहीतर शिमग्याला घर भरलं की कोणाच्या तरी वजनाचा विषय निघतोच निघतो, आणि तो फिरून फिरून घरातल्या एखाद्या मुलीवर नाहीतर नव्या सुनेवर येऊन थांबतो. "काय गो, बरीच अंगान भरलंस", "खातंस तरी काय तां सांग", मग हसणं, मग कोणीतरी म्हातारी मधे पडते की असू दे, तिच्या आजीचीही अंगकाठी अशीच होती, आमच्या घराण्यातच आहे. त्याच पडवीत एक काका बसलेला असतो काडीसारखा, त्याच्याकडे बोट दाखवून सांगतात की ह्याला बघ, ताटभर भात ओढतो पण अंगाला म्हणून लागत नाय, तेका काय होवचा नाय. सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं की मुलगी खादाड आणि काका ठणठणीत.

मी सिंधुदुर्गात एका तालुक्याच्या ठिकाणी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, सकाळी उपाशीपोटी आलेल्या माणसांचं रक्त काढायचं आणि मशीनला लावायचं हे माझं रोजचं काम. आणि मला ह्या पडवीतल्या निवाड्याचा मनापासून राग येतो, कारण रिपोर्ट आला की कित्येकदा ती मुलगी नॉर्मल निघते आणि तसलाच एखादा काका फास्टिंग शुगर 200 च्या वर घेऊन आलेला असतो, कधीपासून ते त्यालाही माहीत नसतं, तो आलेला असतो पायाची जखम भरत नाही म्हणून. हे सारखं बघून बघून मी जाडी, घराणं आणि जीन (आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रतींत येणारी शरीराच्या घडणीची सूचना) ह्यावर जमेल तसं वाचत गेले. आता परवा आमच्याकडे येणाऱ्या एका मुलाने मोबाईलवर डीएनए टेस्टची जाहिरात दाखवून विचारलं, ताई, थुंकी पाठवायची आणि ते सांगणार जाडीचा जीन आहे की नाही, करू का? त्याला काउंटरवर उभ्या उभ्या दोन वाक्यात सांगण्यासारखं नव्हतं म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी घराण्याची बाजू, कारण ती म्हातारी अगदी चुकीचं बोलत नाहीये. डेन्मार्कमध्ये 1986 साली एक अभ्यास झाला, लहानपणी दत्तक गेलेली 540 माणसं मोठी झाल्यावर त्यांची अंगकाठी कोणासारखी आहे ते बघितलं, ज्यांनी वाढवलं जेवू घातलं त्यांच्यासारखी की ज्यांनी जन्म दिला त्यांच्यासारखी. तर ती जन्मदात्यांसारखी निघाली, वाढवणाऱ्यांशी जवळजवळ संबंधच दिसला नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून साधारण असं दिसतं की एका समाजात माणसामाणसांत वजनाचा जो फरक असतो त्यातला 40 ते 70 टक्के फरक अनुवंशिकतेतून येतो. हा आकडा नीट समजून घ्यायला हवा, ह्याचा अर्थ तुमच्या 80 किलोतले 50 किलो आजोबांनी दिले असा होत नाही, तो फक्त माणसामाणसांतल्या फरकाबद्दल आहे, आणि तोसुद्धा त्या काळात त्या ठिकाणी सगळे साधारण सारख्या वातावरणात राहतायत असं धरून. वातावरणच सगळ्यांचं एकदम बदललं तर सगळा गाव जाड होऊ शकतो, आणि तरी हा टक्का तसाच राहू शकतो.

काही मुलांच्या बाबतीत मात्र एकच जीन सगळं ठरवतो, आणि त्यांची गोष्ट मला फार लागते. आपल्या चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन रक्तात सोडतात, ते मेंदूला कळवतं की साठा भरपूर आहे, आता खाणं बास. 1994 मध्ये ह्याचा जीन सापडला. 1997 मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी मूळच्या पाकिस्तानी कुटुंबातली नात्यातली दोन मुलं तपासली, मुलगी आठ वर्षांची आणि वजन 86 किलो, मुलगा दोन वर्षांचा आणि 29 किलो. दोघांच्याही अंगात लेप्टिन बनतच नव्हतं, म्हणजे मेंदूला कायम निरोप एकच, उपासमार चालू आहे. इंजेक्शनने लेप्टिन द्यायला सुरुवात केल्यावर मुलीची भूक माणसासारखी झाली आणि वजन उतरायला लागलं. विचार करा, त्या दिवसापर्यंत त्या पोरीला आणि तिच्या आईला किती लोकांनी काय काय ऐकवलं असेल. नात्यात लग्नं होतात तिथे एकच बिघडलेली प्रत आईकडून पण आणि बापाकडून पण यायची शक्यता वाढते, त्यामुळे अशी मुलं तिथे जास्त सापडतात, पाकिस्तानातल्या अतिशय जाड मुलांवर पुढे बराच अभ्यास झाला तो ह्याच कारणाने. आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत बऱ्याच घरांत आहे म्हणून मुद्दाम सांगते, मूल जन्मल्यापासून काही महिन्यांतच भराभर वजन घेतंय आणि भूक भागतच नाहीये असं असेल तर त्याला दटावू नका, मोठ्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरला दाखवा.

पण हे फार दुर्मिळ. तुमच्या आमच्या पोटाचा घेर असल्या एका जीनने ठरत नाही, त्यात शेकड्यांनी जीन थोडा थोडा हात लावतात. त्यातला सगळ्यात गाजलेला एफटीओ. 2007 मध्ये इंग्लंडमधल्या टीमने जवळजवळ 39 हजार लोकांत बघितलं की ह्या जीनमधला एक ठराविक बदल, ज्याला व्हेरियंट म्हणतात, तो आईबाप दोघांकडून ज्यांना आलाय असे 16 टक्के लोक सरासरी 3 किलो जड असतात आणि त्यांना लठ्ठपणाचा धोका दीडपटीहून थोडा जास्त. ह्यावर पेपरात मथळे आले जाडीचा जीन सापडला म्हणून. सापडला खरा, पण 3 किलो. वीस पंचवीस किलो जास्तीचे असतील त्यातले 3. नंतर 2018 मध्ये 7 लाखांच्या आसपास लोकांचा डेटा एकत्र करून डीएनएमधल्या 941 जागा शोधल्या आणि त्या सगळ्या मिळून बीएमआयमधल्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्या आकड्यातल्या, फरकाचा 6 टक्के भाग सांगू शकल्या.

आणि एफटीओ करतो काय? लहान मुलांवर जे अभ्यास झाले त्यात दिसलं की हा व्हेरियंट असलेल्या मुलांना पोट भरल्याची जाणीव कमी होते आणि ती तेलकट-गोड जरा जास्त खातात. म्हणजे खादाडपणा म्हणून जे आपण पडवीत हसतो ते कित्येकदा एखाद्या पोरीच्या मेंदूत भरल्या पोटाची घंटा हळू वाजते एवढंच असतं. शेजारच्या मुलीला दोन घावणे पुरतात, हिला चार लागतात, दोघीही भूक भागेपर्यंतच खातायत. हे एकदा डोक्यात शिरलं की मला तरी कोणाला खाण्यावरून बोलणं शक्य राहिलं नाही.

आता खरी गंमत, म्हणजे मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवणारा भाग. हे व्हेरियंट जगात सगळीकडे सारखे वाटलेले नाहीत. एफटीओच्या सगळ्या प्रती मोजल्या तर ती धोक्याची प्रत युरोपात 40 टक्क्यांच्या वर, चीन-जपानकडे 20 च्या खाली, आपण भारतीय मधे कुठेतरी 30 च्या आसपास. ह्यावरून कोणी म्हणेल म्हणजे आपण युरोपियन लोकांपेक्षा सुरक्षित. तर नाही. युरोपात असं दिसलं होतं की एफटीओचा डायबेटिसशी संबंध वजनातून येतो, हिशोबातून वजन काढून टाकलं की संबंध पुसला जातो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी ह्या संशोधन संस्थेचे लोक ह्यांनी 2009 मध्ये आपल्या लोकांत तेच तपासलं, तर इथे वजन बाजूला काढलं तरी डायबेटिसशी संबंध शिल्लक राहिला. जीन तोच, व्हेरियंट तोच, पण आपल्या शरीरात त्याची वाट वेगळी दिसते.

दुसरा जीन एमसीफोरआर, हा मेंदूत भूक आणि तृप्ती सांभाळतो. त्याच्या शेजारचा एक व्हेरियंट 2008 मध्ये पश्चिम लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासातून सापडला. दोन्ही प्रती धोक्याच्या असतील तर कमरेचा घेर साधारण 2 सेंटीमीटरने जास्त, शिवाय रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्शुलिनला शरीर दाद कमी देतं. आणि ही प्रत युरोपियन लोकांपेक्षा आपल्या लोकांत जास्त आढळते. तो अभ्यास करणाऱ्यांनी आपल्या लोकांत कंबर मोजली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि सामोआ. पॅसिफिक महासागरातली ती बेटं, जगात सर्वात जाड माणसांच्या यादीत कायम वर असतात. 2016 मध्ये तिथल्या 3 हजार लोकांत सीआरईबीआरएफ नावाच्या जीनमधला एक व्हेरियंट सापडला, तिथल्या जवळजवळ निम्म्या लोकांत त्याची किमान एक प्रत आहे आणि पॅसिफिकच्या बाहेर तो जवळपास नाहीच. त्याचा परिणाम एफटीओच्या कितीतरी वर, एका प्रतीला बीएमआय सव्वा ते दीडने वाढतो. आणि पुढचं ऐका, हा व्हेरियंट असलेल्यांना डायबेटिसचा धोका कमी आहे! जाडी वाढवणारा आणि डायबेटिस कमी करणारा, एकच जीन. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर लॅबमधले सगळे रिपोर्ट आले. चरबी किती ह्याच्याइतकंच ती कुठे साठते आणि शरीर ती कशी सांभाळतं ह्याला महत्त्व आहे, आणि ते प्रत्येक लोकसमूहात वेगळं असू शकतं.

इथे एक धोक्याचं वळण आहे ते आधीच बंद करते. लोकसमूह म्हटलं की आपल्याकडे लगेच जातीवर गाडी जाते, अमुक समाजाचे जाडच असतात, तमुक काटक असतात. 1972 मध्येच रिचर्ड लेवॉन्टिन ह्या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की माणसांमधल्या जनुकीय विविधतेचा साधारण 85 टक्के भाग एकाच लोकसमूहातल्या माणसामाणसांत असतो. आणि आपली कोकणपट्टी तर बघा. अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला बेने इस्रायली, ज्यांच्या डीएनएमध्ये मध्यपूर्वेचा आणि इथल्या मातीचा दोन्ही वाटा 2016 च्या अभ्यासात दिसला, मुरुड-जंजिऱ्याला आफ्रिकेतून आलेले सिद्दी, अरबस्तानाशी शतकानुशतकं गलबतांचा व्यापार केलेले कोकणी मुसलमान, कोळी, भंडारी, कुणबी, आगरी, गाबीत, डोंगराकडे कातकरी. शेकडो वर्षं आपापल्यातच लग्नं झाल्यामुळे काही व्हेरियंट काही समाजांत जास्त साठले असतील हे खरं, पण एखाद्याचं आडनाव बघून त्याच्या जाडीचं भाकीत करायला विज्ञानात आधार नाही. एकाच घरातल्या दोन सख्ख्या बहिणींना आईबापांच्या प्रतींचं वेगवेगळं वाटप मिळतं, म्हणून एक सडपातळ आणि एक भरलेली, हे आपल्याच घरात आपण बघतो की.

मग असले चरबी साठवणारे जीन माणसात आले कुठून? 1962 मध्ये जेम्स नील नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने कल्पना मांडली की दुष्काळात जी शरीरं अन्न साठवून ठेवायची तीच वाचली. हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायलाच नको, आपण आगोटीची बेगमी करणारी माणसं, पावसाळ्यात होडी बाहेर पडणार नाही म्हणून मे महिन्यात सुकट, खारा बांगडा, आमसुलं, लाकडं भरून ठेवायची. शरीरही तेच करतं, फक्त त्याला पावसाळा आलाच नाही हे कळत नाही, ते बारा महिने भरतच राहतं. ही कल्पना मनाला पटते, पण सगळ्या शास्त्रज्ञांना पटत नाही, जॉन स्पीकमन नावाचे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ म्हणतात की दुष्काळाने एवढी कडक निवड केली असती तर आज सगळीच माणसं जाड दिसायला हवी होती, कदाचित हे व्हेरियंट नुसतेच योगायोगाने वाहत आले, त्यांना कोणी हटवलं नाही इतकंच. मला दुसरं म्हणणं जास्त प्रामाणिक वाटतं. सामोआच्या बाबतीतही समुद्रातला लांब प्रवास, भूक, त्यातून निवड असं सांगतात, ते असेलही.

जीन कुठूनही आलेले असोत, ते बोलायला कधी लागतात ह्याची दोन उदाहरणं माझ्या डोक्यातून जात नाहीत. पहिलं पिमा लोकांचं. ह्या मूळच्या अमेरिकन लोकांचा एक गट अ‍ॅरिझोनात, एक सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात. वंश जवळजवळ एकच. अ‍ॅरिझोनातल्या पिमांची शेतीची नदी पाणी वळवल्यामुळे आटली, सरकारी रेशनचं पीठ-साखर-चरबी आली. मेक्सिकोतले अभ्यास झाला तेव्हा डोंगरात अंगमेहनतीची शेती करत होते. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत अ‍ॅरिझोनाकडे 38 टक्के लोकांना डायबेटिस आणि मेक्सिकोकडे 6.9 टक्के, वजनातही तसाच मोठा फरक. दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावचं, जिथे पिढ्यानपिढ्या लोकांची हृदयाची तपासणी चालू आहे. 2015 मध्ये तिथला डेटा बघितला तर एफटीओचा वजनावरचा परिणाम 1942 नंतर जन्मलेल्यांतच दिसला, त्याआधी जन्मलेल्यांत तोच व्हेरियंट असून गप्प. आणि 2 लाख 18 हजार लोकांच्या एका एकत्रित अभ्यासात शारीरिक हालचाल करणाऱ्यांत एफटीओचा परिणाम 27 टक्क्यांनी कमी निघाला.

आता आपलं गाव बघू. माझ्या आजीच्या पिढीची बाई पहाटे उठून विहिरीचं पाणी काढायची, उकड्या तांदळाची पेज पिऊन लावणीला जायची, सडा चढून लाकडं आणायची, जेवणात कुळथाची पिठी नाहीतर तारल्यांचं तिखलं, नाचणीची भाकरी, नारळ होताच भरपूर, गोड म्हणजे सणाला. तिच्या अंगातही जीन हेच होते, आपण तिच्याकडूनच घेतले. आज शेत पडीक, आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी माणूस, घरातून नाक्यावर जायला स्कूटर, वाडीवाडीत बेकरीची बटरं-खारी, पाच रुपयाची वेफर्सची पाकिटं पोरांच्या हातात सकाळपासून, आणि भात मात्र ताटात तेवढाच, तोही पॉलिशचा पांढरा, कारण उकडा तांदूळ पोरांना आवडत नाही. मी हे आजीच्या काळाचं कौतुक करायला लिहीत नाहीये, तेव्हाच्या बायका चाळिशीत म्हाताऱ्या दिसायच्या आणि बाळंतपणात मरायच्याही, तो काळ परत नको. पण बदल केवढ्या झपाट्याने झाला ते दिसलं पाहिजे. खाली गोव्यात बघा, तेच भात-मासे-नारळाचं जेवण, तीच किनारपट्टी. 2023 मध्ये आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा देशभराचा सर्व्हे आला त्यात डायबेटिसचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात, 26.4 टक्के. आपण सिंधुदुर्गातले लोक बाजाराला, दवाखान्याला, नोकरीला गोव्यातच जातो, आपण त्या आकड्यापासून लांब आहोत असं समजायचं काहीच कारण नाही.

आणि आता तो काडीसारखा काका. त्याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रातून आलंय ह्याचा मला अभिमान वाटतो. डॉ. याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा गरोदरपणाच्या आधीपासून अभ्यास सुरू केला, पुढे त्यांच्या मुलांचाही. तिथली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची साडेतीन. पण मोजमापं घेतली तर आपल्या बाळांचे स्नायू, पोटातले अवयव हे सगळं बारीक, आणि पाठीवरची त्वचेखालची चरबी मात्र जवळजवळ तिथल्या बाळांइतकी टिकलेली. म्हणजे बारीक दिसणारं बाळ आतून त्याच्या मानाने चरबीवालं. 2004 मध्ये त्यांनी लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि त्यांचे इंग्लिश सहकारी डॉ. जॉन युडकिन ह्यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापला, दोघांचा बीएमआय 22.3, अगदी एक. चरबी मोजली तर युडकिनच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. दुपटीहून जास्त, आणि वजनकाट्याला पत्ता नाही!

ह्यात सगळं जीनचं नाही. आईला पोटभर आणि नीट खायला मिळालं का, गरोदरपणात ती किती राबली, ह्याचा ठसा बाळाच्या शरीरावर जन्माआधीच पडतो, इंग्लंडचे डेव्हिड बार्कर आणि निकोलस हेल्स ह्यांनी 1992 मध्ये हाच विचार मांडला होता. म्हणजे घराण्यात येतं ते नुसतं डीएनएमधून येत नाही. सुनेला शेवटी उरलेलं जेवायला घालायची रीत ज्या घराण्यात आहे तिथे नातवाच्या डायबेटिसची सुरुवात त्या चुलीपाशी झालेली असू शकते, आणि तीच सून पुढे अंगाने भरली की तिलाच खादाड म्हणायचं, हे मला सहन होत नाही.

आता त्या मुलाच्या डीएनए टेस्टचं. माझं मत, पैसे घालवू नको. लाखो छोट्या छोट्या बदलांची बेरीज करून धोक्याचा स्कोअर काढतात, तो स्कोअर बनवायला वापरलेला डेटा बहुतेक युरोपियन वंशाच्या लोकांचा आहे, असल्या अभ्यासांत भाग घेतलेल्यांत तीन चतुर्थांशाहून जास्त तेच आहेत. तो स्कोअर दुसऱ्या लोकसमूहाला लावला की त्याचा नेम चुकतो, हे ते शास्त्रज्ञ स्वतः सांगतात, जाहिरातवाले सांगत नाहीत. आपल्याकडे जीनोम इंडिया नावाचा प्रकल्प झालाय, 83 लोकसमूहांतल्या साधारण 10 हजार लोकांचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए वाचला, जानेवारी 2025 मध्ये हा डेटा संशोधकांसाठी खुला झाला, फरीदाबादला ठेवलाय. मला ह्याची खूप आशा वाटते. दहा हजार म्हणजे एवढ्या मोठ्या देशाला सुरुवात आहे फक्त, पण आपल्या लोकांचा आपला नकाशा असेल तेव्हाच असल्या टेस्टला अर्थ येईल. आणि आज टेस्टमध्ये एफटीओच्या दोन्ही प्रती धोक्याच्या निघाल्या तरी डॉक्टर तुला काय सांगणार, चाल, भात कमी कर, शुगर तपास. नाही निघाल्या तरी तेच सांगणार.

त्यापेक्षा दहा रुपयांची शिंप्याची टेप घे. बरगडीचं शेवटचं हाड आणि कमरेचं वरचं हाड हाताला लागतं, त्या दोघांच्या बरोबर मधे टेप धरायची, सरळ उभं राहून, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता. आपल्या लोकांसाठी पुरुषांना 90 सेंटीमीटर आणि बायकांना 80 ही धोक्याची रेघ धरतात, बीएमआयसुद्धा आपल्याला 25 ऐवजी 23 पासूनच जास्त समजतात आणि भारतात 25 च्या पुढे लठ्ठपणा, ते ह्याच आतल्या चरबीमुळे. घेर जास्त असेल, आईवडिलांपैकी कोणाला डायबेटिस असेल, बाईला गरोदरपणात शुगर झाली असेल, तर अंगाने कितीही बारीक असा, तपासणी करून घ्या. तीस वर्षांच्या पुढच्या सगळ्यांची शुगर आणि बीपी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट बघतात, तिथे जायला लाजू नका. फास्टिंगला येणार असाल तर आदल्या रात्रीच्या जेवणानंतर फक्त पाणी, सकाळचा चहा पण नको, बरेच जण कोरा चहा चालतो समजून पिऊन येतात आणि मला परत पाठवावं लागतं. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट, करायचं असेल तर उपाशी असायची गरज नाही, पेज पिऊन आलात तरी चालेल.